गेशांच्या गल्लीत आमचा दंडारवाला

"तोंडाले रंग लागला का कोनी आवाज देऊ नये," असे तो म्हणायचा आणि ओठांवर बोट ठेवायचा. दवनीवाड्याला आमच्या शाळेसमोर त्याचे शिवणयंत्र होते. पोरांच्या चड्ड्या शिवणारा हा बुटका माणूस दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत लुगडे नेसून दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या नाचगाण्याच्या लोकनाट्यात, नाचायला उभा राहिला, की गावातल्या बायकासुद्धा त्याची चाल बघत राहत. असा एखादा तुमच्याही गावात असेल.

एकदा तोंड रंगवले, की तो कुणाचा बाप नाही, कुणाचा शेजारी नाही. मी एकदा मुद्दाम "काय दादा?" म्हणून हाक मारली, तर त्याने ढुंकून पाहिले नाही. रंग धुतल्यावर मात्र माझी खरडपट्टी काढली. "गुरुजी, तुमी तं शिकलेले मानूस!"

त्याची एकुलती पोर सातवीत असताना वर्गातल्या पोरींनी तिला बापाच्या नाचण्यावरून चिडवले. घरी जाऊन ती रडली, "बाबा, तुमी लुगडा नोका नेसू." त्या वर्षापासून त्याने दंडार सोडली. मंडळी बोलवायला आली, की म्हणायचा, "गुडघा दुखून राहिला." गुडघा ठणठणीत होता. मला ते माहीत आहे, हे त्यालाही माहीत होते. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

ती पोर शिकली, नोकरीसाठी जपानला गेली. तिने बापाला बोलावले, तर हा अडून बसला, "गुरुजी येत असन तं येतो." अशी माझी वर्णी लागली.

क्योतोत तिने आम्हाला गेशांची, म्हणजे नाचगाण्यावर जगणाऱ्या कलावंत बायकांची, जुनी वस्ती दाखवायला नेले. दोन्ही बाजूंना जशीच्या तशी जपलेली लाकडी घरे, मधून स्वच्छ दगडी गल्ली. ऊन उतरताना एका दारातून पांढरा चेहरा रंगवलेली एक गेशा बाहेर पडली, आणि पर्यटक मोबाइल घेऊन तिच्यामागे धावले. आमची पोरही सरसावली. त्याने तिचा हात धरून खाली केला, भिंतीला चिकटून उभा राहिला आणि मान खाली घातली.

"कामावर जाऊन राहिली ते बाई. रस्ता दे वं."

गेशा कुणाकडेही न बघता निघून गेली. त्याला तेच पसंत पडले. "पक्की हाये," म्हणाला.

पोर तिथेच थांबली. "बाबा, तुमी माह्यामुळं सोडलं ना?"

"गुडघा..." त्याने सुरुवात केली आणि वाकून गुडघा चोळू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पावडर, कुंकू आणि स्वतःची साडी त्याच्यापुढे ठेवली. त्याने तोंड रंगवले. तिच्या चिमुकल्या खोलीत मी ताटावर ठेका धरला आणि तो नाचला. ती हुंदके देत होती. त्याने लक्ष दिले नाही. नाच संपवून, तोंड धुऊन आला, तेव्हा कुठे तिला पोटाशी धरले. "काऊन रडून राहिली वं माय?"

यंदा उन्हाळ्यात तो गेला. पोर तिसऱ्या दिवशी पोचली. माणसे पांगल्यावर माझ्याजवळ येऊन बसली. "काका, मी तं बाबाले नाचतानी धड एकदाच पाह्यलं. तवा कसे नाचत होते जी?"

"त्याच्यासारखा कोनी झाला नाही, पोरी," मी म्हणालो. हे त्याच्या तोंडावर सांगायला मला सगळा जन्म मिळाला होता. एकदाही सांगितले नाही.