धसकाताई आणि दुसरं पान

भांडुपच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमधल्या मुख्य तंत्रज्ञ परबताई सतत घाबरलेल्या असायच्या आणि ते लपवायच्याही नाहीत. रक्ताची नळी हातात आली की त्यावरचं नाव दोनदा मोठ्याने वाचायच्या. आम्ही मागून त्यांना धसकाताई म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं.

लॅबमध्ये राउटर बसला आणि एकाच नेटवर्कवर तपासणीचं मशीन, माझा काउंटरवरचा कम्प्युटर, डॉक्टरांचा लॅपटॉप आणि सगळ्यांत मिळून एक प्रिंटर चालायला लागला. पेनड्राइव्ह घेऊन आत-बाहेर पळणं संपलं म्हणून मी खूश. ताई मात्र म्हणाल्या, "गो बाय, एका दोरीवर सगळ्यांचे कपडे सुकत घातल्यार कोणाचो सदरो कोणाक जातलो?"

"ताई, उगाच टेन्शन घेता तुम्ही!"

"घेतंय. कोणीतरी घेवक होया."

डेंग्यूच्या गर्दीत एका दुपारी राउटर अडकला. प्रिंट निघेना, म्हणून सगळेच बटण दाबत राहिलो. तो बंद करून पुन्हा चालू केला, तर साठलेली पानं धडाधड बाहेर आली. पेशंटचं नाव तेव्हा फक्त पहिल्या पानावर यायचं. काउंटरवर लोक आरडाओरडा करत होते. मी पटापट पिना मारून रिपोर्ट वाटून टाकले.

ताई आतून आल्या. "त्या नऊ वर्षांच्या पोरीच्या प्लेटलेट लय कमी हत. बापाक सांगितलंस?"

"तो तर हसत गेला, ताई. दुसरं पान बघून म्हणाला, प्लेटलेट चांगल्या आल्या."

बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं, ते दुसरं पान भलत्याच पेशंटचं होतं. बापाचा फोन लागेना. अंगातल्या पांढऱ्या कोटासकट ताईंनी मला ओढत रिक्षात बसवलं. डोंगरावरच्या वस्तीत पत्ता शोधताना त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठले. मुलगी झोपली होती, झोपलीच असावी असं मी मनात घोकत होते. बाप दारात आला. ताईंनी हात जोडले. "चूक आमची. आधी पोरीला उचला."

पुढचे चार दिवस मी जेवले नाही. पाचव्या दिवशी हॉस्पिटलात मुलगी धोक्याबाहेर आली. माझं नाव ताईंनी डॉक्टरांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

ताईंच्या निवृत्तीच्या दिवशी मी त्यांच्या पाया पडले, माफी मागितली. त्यांनी मला उठवलं.

"वीस वर्षां झाली. माझ्या हातूनसुद्धा रिपोर्टांची अशीच अदलाबदल झालेली," त्या म्हणाल्या. "तुझ्या हातची पोर वाचली गो. माझ्या हातची नाय वाचली."