ठशातली बोटं

भूकंपात लातूरकडच्या आमच्या घराची भिंत पडली, तेव्हा मी तिसरीत होते. आई त्यात गेली. वडील आधीच नव्हते. मला दगडांखालून ओढून काढलं, तेव्हा उजवा दंड चेचला गेला होता. हाड जुळलं, पण मनगट लोंबतच राहिलं. आतला मज्जातंतू तुटलाय, हे कुणाच्या ध्यानात येईपर्यंत फार उशीर झाला होता. मामांनी मला मुखेडला त्यांच्या घरी नेलं. तिथं मी डाव्या हातानं लिहायला शिकले.

पुढं मामांनी लातूरला क्लास लावून दिला. डॉक्टर व्हायचं होतं. खोलीत आम्ही तिघी. रविवारी त्या दोघींच्या आया डबे घेऊन यायच्या, पोरींच्या वेण्या घालून द्यायच्या. मी तेवढा वेळ पुस्तक घेऊन गच्चीवर बसायचे. मार्क चांगले पडले, पण मेडिकलच्या प्रवेशाआधीच्या शारीरिक तपासणीत हात आडवा आला. मग नांदेडला फार्मसी केली आणि तिथंच संशोधनाला लागले.

तुटलेल्या मज्जातंतूंचा विषय मी मागून घेतला. सहकाऱ्यानं उंदराच्या मांडीतला तंतू कापून पुन्हा शिवायचा आणि मी टाक्यावर औषध भरलेले अतिसूक्ष्म नॅनोकण लावायचे. कण सावकाश विरघळतात, औषध बरेच दिवस झिरपत राहतं, तंतूला वाढायला बळ मिळतं. तंतू तुटला की उंदराची बोटं आखडतात. पंजांना शाई लावून मी उंदरांना कागदावरून चालवायचे; बोटं पुन्हा फाकायला लागली की ठशात कळतं.

एका दुपारी औषध दिलेल्या एका उंदराच्या ठशात बोटं फाकलेली दिसली. औषध न दिलेल्या उंदरांची अजून आखडलेलीच होती. सगळे जेवायला गेले होते. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून मामांना फोन लावला.

"मंजी आता तुझा हात नीट व्हईल का, पोरी?"

"न्हाई मामा. ह्ये ताज्या जखमेसाठी हाय. माझे स्नायू कवाच वाळून गेले."

मामांचं दुकान स्टँडसमोर होतं. मागं एसटीचा हॉर्न वाजत होता, म्हणून त्यांनी जरा मोठ्यानं विचारलं.

"मंग कुणासाठी करून राहिलीस?"

"दुसऱ्या कुणाचा तरी हात वाचंल."

"हाव," मामा म्हणाले. मग हळूच म्हणाले, "ह्ये ऐकाया तुझी आई पायजे हुती."



ते औषध अजून माणसांपर्यंत पोचलेलं नाही. मामाही गेले. आता चांगला ठसा आला की मी तो टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवते, थोडा वेळ पाहते आणि पुढच्या पिंजऱ्याकडे वळते.