शेंदेलोण म्हणे मीठ नसतं

अणदूरच्या फाट्यावर सोलापूरची एसटी थांबली, तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कपड्यांच्या बॅगेआधी चटणीचा डबा आत चढवला. शेंगदाण्याची चटणी, कैरीचं लोणचं, वर पापडांची चळत. "मंगे, पुण्याचं जेवण अळणी असतंय. अळणी खाऊन माणूस बी अळणी होतंय," एवढाच उपदेश. मुलगी नोकरीला परक्या शहरात चालली होती आणि बापाला काळजी मिठाची.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनो, हे तुमच्यासाठीच लिहितेय. राग आला तर येऊ द्या.

पुण्यात मला बरीच वर्षं झाली. मध्यंतरी अण्णांचं बीपी वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी गोळी दिली, मीठ कमी करा म्हणाले. आई गेल्यापासून स्वयंपाक वहिनीच्या हातात, पण अक्कल मात्र सगळ्या भावकीची. बैठक बसली आणि ठरलं, की अण्णांना साधं मीठ बंद, फक्त शेंदेलोण द्यायचं. आमच्या घरी रविवारी खंडोबाचा उपास असतो. त्या दिवशी मीठ चालत नाही, शेंदेलोण चालतं. खडकातून काढलेलं असलं तरी ते मीठच आहे, असं मी फोनवर घसा ताणून सांगितलं. अण्णांनी शांतपणे मला गप्प केलं. "उपासाला चालतंय, म्हंजी ते मीठ न्हायच."

एवढ्या भक्कम तर्कापुढं डॉक्टर काय टिकणार? साधं मीठ चिमटीनं पडायचं, शेंदेलोण मुठीनं पडू लागलं. ताकात, काकडीवर, पेरूवर. चटणी-लोणचं तर कुणी हिशेबात धरतच नव्हतं, कारण ते तोंडी लावायचं, जेवण नव्हे. पुढं अण्णांनी गोळीही सोडली. मीठच बंद केलंय तर गोळी कशाला, असं त्यांचं म्हणणं. भावकी माना डोलवत होती.

पुण्याचे लोक शहाणे असतील असं समजू नका. आमच्या सोसायटीतल्या बायका हेच शेंदेलोण काचेच्या बरणीत ठेवतात, त्याला पिंक सॉल्ट म्हणतात आणि बीपीला चांगलं म्हणून एकमेकींना भेट देतात. सोबत चीज, सॉस, वेफर्स आहेतच. अण्णांना निदान खंडोबाचा आधार होता, यांना जाहिरातीचा.

एका सकाळी अण्णांचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. सोलापूरला नेलं, जीव वाचला. ते घरी आल्यावर मी रजा टाकून गावी गेले. भेटायला येणारा प्रत्येक जण अंगावरून वारं गेलं, कुणाची तरी नजर लागली, असं काहीबाही बोलून चहा पिऊन जात होता. मिठाचं नाव एकानंही काढलं नाही. मला त्या माणसांची किळस आली.

अण्णांची वाचा गेली होती. मी जवळ बसून विचारलं, "अण्णा, ओळखलंत का मला?" त्यांनी ओठ जुळवायची खूप धडपड केली, पण 'मंगे' काही निघेना. मग मी अळणी वरणभाताचा घास पुढं केला. त्यांनी तो जिभेवर घेतला, तोंड वाईट केलं आणि स्पष्ट म्हणाले, "शेंदेलोण."

वाचा आली म्हणून वहिनी डोळे पुसत हसली आणि बरणी घेऊन आली. मी ती तिच्या हातातून ओढली आणि उकिरड्यावर रिकामी केली. अण्णांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

आता सुट्टी मिळेल तशी जाते. अण्णा थोडंफार बोलतात, माझ्याशी सोडून. निघताना वहिनी चटणीचा डबा पुढं करते, मी घेत नाही. पुण्यात कुणी विचारलं, की गावाकडं तुझं आता काय राहिलंय, तर मला ती खाट आठवते. अण्णा भिंतीकडं तोंड करून तिच्यावर बसलेले असतात. वहिनीनं वाढलेलं मी आधी चाखून बघते. अळणी असलं तरच घास त्यांच्या खांद्यावरून पुढं करते, आणि ते माझ्याकडं न बघता तोंड उघडतात.