प्रोजेक्टरसमोरची बोंडअळी

"मॅडम, शुक्रवारी येतो. प्रोजेक्टरवर एक धडा चालवून दाखवा. नाहीतर मशीन दुसऱ्या शाळेला देऊन टाकतो."

फोनवर वानखडे सर होते, आमचे केंद्रप्रमुख. म्हणजे आजूबाजूच्या दहा-बारा शाळांवर लक्ष ठेवणारे साहेब. आमची शाळा अमडापूरकडची, जिल्हा परिषदेची. प्रोजेक्टर आला तेव्हा पोरींनी खोक्याला हळदीकुंकू वाहिलं होतं. मग तो जो कपाटात गेला तो गेलाच. दाखवायचं काय, हेच ठरेना. सरांना ते लेखी हवं होतं. कोणती साइट वर्गात चालेल, आणि का चालेल.

कॉम्प्युटर मी कुठे शिकले नाही. बटणं दाबत गेले, थोडाफार आला. पण शाळेत तेवढाही दुसऱ्या कुणाला येत नव्हता, म्हणून मी तज्ज्ञ! गावात नेट फक्त पाण्याच्या टाकीखाली यायचं. तेव्हा पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि बुलढाण्याला भावाकडे गेले.

आता मीडिया शेअरिंग साइट म्हणजे काय, तर लोकांनी आपापले व्हिडिओ, फोटो आणून ठेवलेली चावडी. कुणीही यावं, काहीही ठेवावं. अडचण तीच! मी सगळ्या साइटवर एकच शब्द टाकायचं ठरवलं: गुलाबी बोंडअळी. बीटी कपाशी आली तेव्हा अळीची कटकट मिटली असं वाटलं होतं. पुढे ही गुलाबी बया बोंडात शिरली, आणि त्या हंगामात गावाला दुसरा विषय नव्हता.

पहिल्या साइटवर अळीच्या शेजारीच डीजेवर नाचणारी नवरी. मी आणि वहिनी अर्धा तास तेच बघत बसलो. वर्गासाठी बाद! दुसरी आधी अकाउंट मागे, जन्मतारीख मागे. पाचवीच्या लेकरांची जन्मतारीख कशाला हवी बाई तुला? बाद. तिसरी मात्र गुणी निघाली. जाहिरात नाही, शेजारी भलतंसलतं नाही. व्हिडिओखाली लायसन्स, म्हणजे मालकानंच लिहून ठेवलेलं, की शाळेत दाखवा, उतरवून घ्या. मला इतका आनंद झाला की वहिनीला चहाऐवजी शिरा करायला लावला. व्हिडिओ पेनड्राइव्हवर उतरवून घेतला आणि अहवालात लिहिलं, "वर्गासाठी योग्य. पूर्ण तपासले." 'पूर्ण'खाली दोन रेघा.

शुक्रवारी वानखडे सर मागच्या बाकावर बसले. आमचे मुख्याध्यापक शेख सर खिडक्यांना सतरंज्या लावून घामाघूम. व्हिडिओ सुरू झाला. मोठ्या अक्षरांत 'गुलाबी बोंडअळी', खाली बोंडावर ऐटीत बसलेली अळी.

दीक्षा उठून उभी राहिली. शाळेला लागून जे वावर आहे ते तिच्या घरचं.

"मॅडम, थे अळी बाहीर काऊन बसली? आमच्या वावरातली त बोंडाच्या आतमंदी राह्यते."

"अन् हे त हिरवी हाय!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळा वर्ग हसायला लागला.

वानखडे सरांनी अहवाल वर धरला. "मॅडम, पूर्ण तपासलं म्हणता?"

"जाहिराती तपासल्या सर. लायसन्स तपासलं..."

"अन् अळी?"

अळी राहिली होती! मी कपाशीच्या घरात वाढलेली बाई. पण पडद्यावर नाव दिसलं आणि मी नावच वाचलं, अळी बघितलीच नाही. मशीन न्यायच्या तयारीनं सर उठून स्पीकरची वायर गुंडाळायला लागले.

"सर, दोन मिनिटं थांबा नं," दीक्षा म्हणाली. "खरी घेऊन येतो."

ती पळत गेली आणि ओटीत पाच-सहा बोंडं घेऊन आली. शेख सरांनी ब्लेडनं एक फोडलं. आत गुलाबी अळी, सरकीवर ताव मारत बसलेली. सगळ्यांना एकदम दिसावी म्हणून मी ती पारदर्शक पट्टीवर घेतली आणि प्रोजेक्टरच्या उजेडात धरली. भिंतीवर अजगराएवढी सावली वळवळली! पोरं किंचाळली, नाचली. वानखडे सर वायरीसकट बाकावर चढले.

"मॅडम, सावली त काळी हाय!" कुणीतरी ओरडलं.

आता सावलीला रंग कुठून आणू? मग रांग लावली आणि एकेकानं पट्टीवर वाकून रंग बघितला. सर बाकावरून उतरले आणि निमूट रांगेत उभे राहिले. त्यांचा नंबर आला तेव्हा बराच वेळ वाकले होते.

"शेख सर, मोबाइल काढा," ते सरळ होत म्हणाले. "याचाच व्हिडिओ करा. लेकरांचे फक्त हात दिसू द्या, चेहरे नको. अन् मॅडम, नाव बरोबर लिहा."

दीक्षानं बोंड फोडलं, तीच बोलली. मी तो व्हिडिओ त्याच तिसऱ्या साइटवर चढवला, टाकीखाली उभी राहून. प्रोजेक्टर आमच्याकडेच राहिला.

पुढे वानखडे सरांनी माझ्या अहवालावरून साइट तपासायचा फॉर्म करून घेतला आणि सगळ्या केंद्रात वापरायला दिला. त्यात मी शेवटी एक रकाना वाढवला: अळी बरोबर आहे का? एका बैठकीत एक गुरुजी म्हणाले, "मॅडम, आपला विषय इतिहास हाय. मंग हा रकाना रिकामा सोडू का?"

"भरा," मी म्हटलं. "तिथं अळ्या जास्तच निघतील."