जिवलीने धुरांडं तारेने बांधलं

वाणगावच्या डोंगरातून सालवडला आलेली जिवली कारखान्यातल्या कामगारांचे डबे करायची. झोपडीत लाकडावरची लोखंडी भट्टी होती, तिचं पत्र्याचं धुरांडं छपरातून वर गेलेलं. भट्टीशेजारी खाटेवर लुळी पडलेली सासू, रंभाबाई. "नवऱ्याचा मार सोसायचा असतो," हे तिचं ठरलेलं बोलणं.

धुरांडं जिवलीच्या नवऱ्याने, झिपरूने, ओल्या वेलीने बांधलं होतं. वेल सुकली की गाठ आवळते. त्याच्या बापाने अख्खं घर असंच उभं केलं, एकही खिळा न मारता. पण त्या घराच्या कुडाला जाळ लागत नव्हता, एवढं या शहाण्याच्या डोक्यात शिरेल तर शपथ! वेल करपून तुटली. दुपारी वारा सुटला तसं धुरांडं छपरावर थाडथाड आपटू लागलं आणि ठिणग्या सासूच्या गोधडीवर पडल्या.

जिवलीने त्या तळहाताने विझवल्या. लाकडं ओढून काढली, पाणी मारलं. धुरांडं निवल्यावर तार घेऊन ती शिडी चढली.

"माझ्या बापाची गाठ तोडते काय?" कामावरून आलेला झिपरू ओरडला.

"गाठ जळली. आता तुजी आय जळंल!"

त्याने शिडी हिसडली. जिवली भट्टीपाशी पडली. केस धरून त्याने तिचं डोकं भट्टीवर आदळलं, एकदा, दोनदा. कपाळ फुटलं. मग निव्वळ हट्टापायी त्याने भट्टी पुन्हा पेटवली. "वेलीनंच बांधीन. बघ, रातभर हालत नाय!"

पण वेल आणायला तो बाहेर पडला, तोच धुरांडं सांध्यातून निखळलं. जाळ खोलीत घुसला. रंभाबाई किंचाळली. जिवलीने गोणपाट हाताला गुंडाळून तापलेला पत्रा धरला, लाथेने लाकडं बाहेर लोटली. तळहातांची कातडी गोणपाटाला चिकटली.

झिपरू वेल घेऊन आत आला आणि त्याने तिच्यावर हात उगारला. तिने लोखंडी चिमटा त्याच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज झाला. तो बोंबलत पळाला, आणि खरं सांगायचं तर जिवलीला वाईट वाटलं नाही.

भट्टी गार झाली. जिवलीने तळहातांना फडकी बांधून सांध्यांना स्क्रू मारले, धुरांड्याला लोखंडी पट्टी आवळली, तिच्यातून तीन बाजूंना तारा ओढून वाशांना पिळल्या. हलवून पाहिलं. जागचं हललं नाही.

संध्याकाळी झिपरू हात गळ्यात बांधून दाराशी उभा राहिला. "आये, हिला सांग काय ते."

रंभाबाईने त्याच्यावरून नजर काढून तारांनी आवळलेल्या धुरांड्याकडे पाहिलं.

"जिवले," ती म्हणाली, "आतून कडी लाव."