एका स्क्रीनवर अख्ख्या टीमचं काम

नाही, परत सांगतो, आळस माझा नाही, घोळ त्या ॲपचा आहे. बुवापाड्यातल्या पोरांनो, तुम्ही ग्रुपवर कितीही हसा.

मी इथे हैदराबादला एसीचे डक्ट, म्हणजे गार हवेचे पत्र्याचे बोगदे, बसवतो. कंपनीने कामासाठी ॲप दिलंय. उघडलं की अख्ख्या टीमची कामं, लाल-पिवळ्या पट्ट्या, टक्के, कमेंट. माझं काम शोधायला खाली जा, मग अजून खाली जा.

आज सकाळी घाईत माझ्याऐवजी आमच्या टीममधल्या सेल्वमच्या कामावर 'झालं' दाबलं. तपासणीवाले बघायला गेले, तर त्याच्या मजल्यावर डक्टच नाही! "खोटं लावतो काय?" म्हणून साहेबांनी त्याचा अर्धा रोज कापला. मी ओरडून सांगितलं, चूक माझी आहे. कोण ऐकतंय!

दुपारी ॲप बनवणारी मॅडम आली, पुण्याची. म्हणाली, "दादा, कुठे अडतं ते दाखवा."

डोकं तापलेलंच होतं. खडू घेतला आणि पत्र्यावर लिहिलं: माझं नाव, मजला, आजचं काम.

"आणि बाकीचं?"

"बाकीचं साहेबांना दाखवा की. अंबरनाथला आमचा फोरमन फळ्यावर एवढंच लिहायचा, कोणी चुकायचं नाही."

तिने फोटो काढला. बदलेल का, देव जाणे. तुमच्या कंपनीत पण असंच आहे का रे? ज्याचं काम त्यालाच दाखवायला काय जातं यांचं?

सेल्वमचा अर्धा रोज मी भरला. घेत नव्हता, खिशात कोंबला. शेजारच्या कोणीतरी माझ्या आईला सांगा, या वेळी आठ हजार नाही, सात हजार सहाशे पाठवतोय.