राखाडी मादीची नऊ अंडी

रफूकाकांच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून ‘काय काका, कसं काय?’ असं कुणी विचारू नये. कारण ते खरोखर सांगतात. पंख्याचा आवाज बदललाय, समोरचा खांब कलतोय, गुडघ्यात काल नव्हतं ते आज आहे. काळजी करायला त्यांना कारण लागत नाही. कारण मिळालंच तर तेवढीच फोडणी.

काका रफू करतात. वकिलाच्या कोटाला सिगारेटचं भोक पडलं, बाईंची शाल खिळ्याला अडकून उसवली, की ती वस्तू काकांकडे येते आणि दोन दिवसांनी भोक कुठे होतं ते मालकालाच सापडत नाही. काम चांगलं झालं की ते दिसत नाही आणि जे दिसत नाही त्याचं कौतुक कोण करणार? भिंतीवर सहाशेच्या वर रिळं आहेत, त्यांत नुसती बदामी एकतीस. “बदामी हा रंग नाही, ते खानदान आहे,” असं काका म्हणतात. काकूंना त्या खानदानात सगळे सख्खे भाऊ दिसतात. त्या रफू झालेल्या कपड्यांना इस्त्री करतात, पण रंगाबद्दल मत देण्याची त्यांना बंदी आहे. एकदा त्यांनी मोहरीच्या रंगाचे पडदे साईच्या रंगाचे म्हणून घरी आणले होते. त्याला बावीस वर्षं झाली. पडदे विरून गेले, बंदी अजून नवीकोरी आहे.

दुकानामागच्या बोळकांडीत जाळीच्या तीन मजली पिंजऱ्यात काकांचे लावे राहतात. लावा म्हणजे मुठीत मावणारा गोल गरगरीत पक्षी, ज्याला शेपूट लावायच्या वेळी सामान संपलं असावं. लोक तो अंड्यांसाठी पाळतात, काका पिसांच्या रंगासाठी. त्यांच्याकडे पांढरे आहेत, सोनेरी आहेत, वरून काळा आणि छातीला पांढरा असा एक तर थेट मोठ्या हॉटेलातल्या वेटरसारखा दिसतो. पण या सगळ्यांवर होती ती राखाडी मादी. विकत आणलेल्या साध्या पिल्लांत ती कुठून निघाली कुणास ठाऊक. विक्रेत्यालाही पुन्हा तसा पक्षी मिळाला नाही. तिच्या पाठीवरचा रंग काकांनी सहाशे रिळांशी लावून पाहिला. एकही जुळलं नाही. त्या दिवशी काका जेवले नाहीत.

ही मादी आता अडीच वर्षांची झाली होती. लाव्यांच्या हिशेबाने ती पणजी. पिल्लं व्हायची, पण सगळी तपकिरी. “रंग गेला नाही, लपलाय,” काका आम्हाला समजावत. “आत्याचं नाक भावाला चुकवून भाचीच्या तोंडावर उगवतं ना, तसं. बाहेर काढायचा तर हिचाच मुलगा हिला द्यायचा. मग निम्मी पिल्लं राखाडी.”

“पक्ष्यांत चालत असेल,” काकू इस्त्रीवरून म्हणाल्या, “पण गिऱ्हाइकांना नका हो सांगत बसू.”

तर त्यांनी तो मुलगा तिच्या पिंजऱ्यात सोडला. बारा दिवसांत नऊ अंडी आली आणि मग मादीने अंडी देणं कायमचं थांबवलं. कोपऱ्यात पिसं फुलवून ती नुसती बसून राही. म्हणजे जे काही व्हायचं ते या नऊ अंड्यांत. काकांनी ती काच लावलेल्या थर्माकोलच्या खोक्यात बल्बच्या उबेला ठेवली आणि सतरा दिवसांची काळजी सुरू झाली. ते दिवसातून पाच वेळा अंडी फिरवत आणि पंधरा वेळा तापमान बघत. अंड्यामागे बॅटरी धरून आत जीव धरलाय का पाहायचं, तर लाव्याच्या अंड्यावर इतके डाग की आतलं काही कळत नाही.

चौथ्या दिवशी एक वकील रफू करून नेलेला बदामी कोट घेऊन परत आले.

“काका, रागावू नका. पण भोक बरं होतं. आता ठिगळ दिसतंय.”

काकांनी कोट उजेडात धरला. त्यांना काहीच दिसेना. आपलं रफू दिसत नाही यात त्यांना नेहमी आनंद होई. आज घाम फुटला. “कसलं ठिगळ? बदामी आहे, एकोणीस नंबरचं.”

“अहो, खाकी आहे ते,” काकू हळूच म्हणाल्या.

“तुला कधी कळलं?”

“इस्त्री करताना.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला बंदी आहे ना!”

वकिलांनी कोट काउंटरवर ठेवला आणि काढता पाय घेतला. काका मात्र कोटासाठी घाबरले नव्हते. ते धडपडत बोळकांडीत गेले. त्यांच्याकडे तपकिरी नर दोन होते: एक राखाडी मादीचा मुलगा, दुसरा बाहेरून आणलेला, त्या रंगाशी काडीचंही नातं नसलेला. दिसायला दोघे जुळे. ओळखीसाठी लोक पायात रंगीत प्लास्टिकच्या कड्या घालतात, पण काकांना ते भडक वाटे. “लाल-हिरवं काय, पक्षी आहेत की सिग्नल?” म्हणून त्यांनी मुलाच्या पायाला बदामी धागा बांधला होता आणि परक्याच्या पायाला खाकी. सहा महिन्यांपूर्वी. स्वतःच्या डोळ्यांच्या भरवशावर.

“इकडे ये,” त्यांनी काकूंना हाक मारली. दोन्ही नर दोन मुठींत धरून ते उभे होते. “नीट बघ. बदामी कुठला, खाकी कुठला?”

काकूंनी बराच वेळ पाहिलं. मग दोन्ही रिळं आणून ती धाग्यांशी लावून पाहिली. “दोन्ही खाकीच.”

म्हणजे तेव्हाच डोळे गेले होते आणि काकांनी एकाच रिळातला धागा दोघांना बांधला होता. मादीला मुलगा मिळाला की परका, हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं. मुलगा असेल तर निम्मी राखाडी. परका असेल तर सगळी तपकिरी, रंग पुन्हा लपलेला, आणि तो बाहेर काढणारी मादी तर आता अंडीच देत नव्हती.

काकू त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, जगावर चहाची गाळणी धरल्यासारखा. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणाले. “उबवणी झाल्यावर बघू,” असं म्हणून काका घरी आले. पुढचे दिवस त्यांनी कसे काढले ते पायरीवरून जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, कारण प्रत्येकाला त्यांनी विचारलं, “तुला काय वाटतं, मुलगाच असेल ना?” पोस्टमनने “हो, मुलगाच होईल, पेढे द्या” असं सांगितलं. त्यालाही त्यांनी बसवून सगळं पुन्हा सांगितलं.

सतराव्या दिवशी सकाळी पहिलं अंडं तडकलं. दुपारपर्यंत सहा फुटली, तीन तशीच राहिली. ओलं पिल्लू म्हणजे चिखलात पडलेला बोळा, त्याचा रंग वाळल्याशिवाय कळत नाही. काका खोक्याच्या काचेला नाक लावून बसले. एक वाळलं. तपकिरी. दुसरं तपकिरी. चारच्या सुमाराला सहाही वाळून एकमेकांवर पडत चालायला लागली होती.

“सहाच्या सहा तपकिरी,” काका म्हणाले आणि स्टुलावरून खाली जमिनीवर बसले. “संपलं.”

काकू इस्त्री बंद करून आल्या. वाकल्या. “अहो, ही दोन वेगळी आहेत.”

“उगाच माझी समजूत घालू नकोस.”

“समजूत घालायला मला वेळ आहे का? चौघांच्या पाठीवर पट्टे आहेत. या दोघांच्या नाहीत, असले तरी पुसट.”

“तुला साय आणि मोहरी कळत नाही!”

“आणि तुम्हाला आता काय कळतं?”

काका स्टुलाला धरून उठले. मग अगदी खालच्या आवाजात, उधारी मागणारं गिऱ्हाईक दुकानदाराशी बोलतं तसं म्हणाले, “कशी दिसतात? सांग ना.”

काकूंनी एक पिल्लू तळहातावर घेऊन खिडकीशी धरलं. “इस्त्रीखाली ओला कपडा आला की वाफ निघते ना, तसं. पांढरं नाही, काळं नाही. पोटाकडे आणखी फिकट.”

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हात काढून ते म्हणाले, “दोन्ही नर निघाले तर? जोडी कशी जमायची?”

“देवा!”

“तपकिरीत तिसऱ्या आठवड्यात छातीवरून नर कळतो. राखाडीत तसा सहज कळत नाही. पिसं दिसायला हवीत, रोज, बारीक. तू डॉक्टरला फोन लाव.”

“उबवणी झाल्यावर बघू म्हणत होतात.”

“झाली ना! जवळची तारीख माग. आणि विचार, पट्टी किती दिवसांनी काढतात. आणि तोपर्यंत...” ते चाचरले. “तोपर्यंत रोज सकाळी दोघांकडे बघून मला सांगायचं. जसं दिसेल तसं.”

काकूंनी ते पिल्लू हळूच खोक्यात ठेवलं, हात पुसला आणि फोन उचलला. पलीकडून ‘हॅलो’ येण्याआधीच काका शेजारून कुजबुजायला लागले होते, “आधी विचार, दोन्ही डोळे एकदम करतात का.”